गोठा बांधण्याआधी पाऊस मोजा : कोकणातल्या पशुपालकांसाठी पर्यावरण-नियमांची वाट

माझा पहिला गोठा मी विहिरीच्या वरच्या अंगाला बांधला. कारण साधं होतं. डांबरी रस्ता तिथपर्यंत येत होता आणि पेंडीची पोती डोक्यावरून पाणंदीतून वाहायची नव्हती. पहिला उन्हाळा मजेत गेला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात खालच्या घरातली काकी कळशी घेऊन आली आणि एक शब्द न बोलता तिनं ती माझ्या अंगणात रिकामी केली. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं. वासाचं काय सांगू!

तोवर मला वाटत होतं की प्रदूषणाचे नियम लोट्याच्या, तळोज्याच्या कारखान्यांसाठी असतात, दुधाच्या धंद्याला कसले? पण गोठ्याला नियम आहेत, कोंबड्यांना आहेत, आणि त्यांतले बहुतेक शहाणपणाचे आहेत. फक्त ते सबंध देशासाठी लिहिलेले आहेत. आपल्याकडे जून ते सप्टेंबर अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि खाली जांभा दगड आहे, चाळणीसारखा. दिल्लीत लिहिलेला नियम कोकणात पाळायचा तर आधी पाण्याचं गणित सोडवावं लागतं. म्हणून या लेखात कागदपत्रांपेक्षा पाण्याला जास्त जागा दिली आहे.

आधी डोकी मोजा

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं डेअरी फार्म आणि गोशाळांसाठी २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२१ मध्ये त्या सुधारल्या. त्यांत कळीचा आकडा १५ आहे. गाई-म्हशी मिळून १५ किंवा जास्त जनावरं असतील, तर जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम १९७४ आणि हवेसाठीचा १९८१ चा अधिनियम या दोन्हींखाली राज्य मंडळाचं संमतीपत्र लागतं. कोंबड्यांसाठी हा आकडा ५,००० आहे. एका जागी ५,००० पेक्षा जास्त पक्षी असतील तर संमती हवी. पूर्वी ही मर्यादा थेट एक लाखाची होती. राष्ट्रीय हरित लवादानं २०२० मध्ये त्यावर बोट ठेवलं आणि ती खाली आली. आता ५,००० ते २५,००० लहान, २५,००० ते एक लाख मध्यम आणि त्यापुढे मोठा फार्म अशी वर्गवारी आहे.

चार कोकण कपिला गाई आणि दोन वासरं असलेल्या घराला यातलं काहीच लागू नाही. परसातल्या वीस कोंबड्यांनाही नाही. पण संमती लागत नाही म्हणून घाण व्हाळात, म्हणजे ओढ्यात सोडायची मुभा मिळते, असा अर्थ कुणी काढू नये. वाहत्या पाण्यात किंवा विहिरीत घाण जाऊ देणं जल अधिनियमात सगळ्यांनाच मना आहे, एक म्हैस असो की शंभर. १४ जनावरांवर थांबून स्वतःला हुशार समजणारे दोन-तीन जण मला माहीत आहेत. त्यांच्या गायरीचं, म्हणजे शेणखड्ड्याचं, पाणी आकडे वाचत नाही.

जागा : सगळ्यात महाग चूक इथेच होते

डेअरी फार्म राहत्या घरांपासून किमान २०० मीटर आणि शाळा-इस्पितळांपासून ५०० मीटर लांब हवा. पोल्ट्रीचं शेड वस्तीपासून ५०० मीटर, नदी-तलाव-कालवा किंवा पिण्याच्या पाण्याच्या जागेपासून १०० मीटर आणि राष्ट्रीय महामार्गापासून १०० मीटर. पूर येणारी आणि भूजल अगदी वर असलेली जागा दोन्हींसाठी टाळायची.

कागदावर हे सोपं दिसतं. कोकणात घरं एका ठिकाणी गोळा झालेली नसतात, वाड्यावाड्यांनी पसरलेली असतात. २०० मीटरचं वर्तुळ काढलं की कुणाचं तरी मागचं दार त्यात येतंच. म्हणून जमीन घेण्याआधी, निदान चिरे उतरवण्याआधी, मोबाइलच्या नकाशावर चारही दिशांनी अंतर मोजा, आणि बंद घरंही मोजा. मुंबईकराचं कुलूपबंद घर म्हणजे रिकामी जागा नव्हे. तो गणपतीला येतो, वास त्याला पहिल्या संध्याकाळी येतो, आणि तक्रारीचा अर्ज तो तिथूनच करतो.

दुसरी गोष्ट कुठल्याच सूचनेत इतक्या स्पष्टपणे लिहिलेली नाही. जागा पावसात बघा. मे महिन्यात सगळा कातळ सारखाच दिसतो. जुलैत छत्री घेऊन तासभर फिरलात तर कुठून पाणी फुटतं, कुठल्या ओढ्याला, पर्‍याला मिळतं, कुणाच्या विहिरीच्या वर आपण उभे आहोत, हे पायांनाच कळतं. गोठा विहिरीच्या खालच्या अंगाला हवा. नदीकाठचा सपाट मळा कितीही मोहात पाडो, २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर आठवा. दाव्याला बांधलेलं जनावर पोहू शकत नाही.

खाडीकाठी असाल तर आणखी एक चाळणी

किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सगळे ज्याला सीआरझेड म्हणतात त्याची, सध्याची अधिसूचना १८ जानेवारी २०१९ ची आहे. समुद्राच्या बाजूनं भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा तिच्यात येतो. खाडीच्या काठाला ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतलं जे कमी असेल ते धरायचं. आपल्या बहुतेक किनारी गावांत समुद्राकडच्या पहिल्या २०० मीटरमध्ये नवं बांधकाम चालत नाही. लोकसंख्येची घनता २०११ च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त असलेल्या ग्रामीण भागात हा पट्टा ५० मीटरचा आहे. या पट्ट्यात शेती, बागायत, कुरण चालतं. थोडक्यात, म्हशी चरल्या तर हरकत नाही, त्यांच्यासाठी चिऱ्याचा गोठा उभा केला की प्रश्न सुरू होतो.

इथे फसगत होते ती खाडी किती आत येते हे न कळल्यामुळे. वाशिष्ठी नदीत भरती पार चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत जाणवते. समुद्र दिसत नाही म्हणून सीआरझेड नाही, हा हिशेब चुकीचा. किनारा व्यवस्थापन आराखड्याचे नकाशे राज्याच्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे असतात. त्यावर आपला गट नंबर कुठे पडतो ते आधी बघून घ्या. आणि कांदळवन असेल तर लांबच राहा. १,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या कांदळवनाभोवती ५० मीटरचा राखीव पट्टा आहे, आणि तिथे शेणाचा ढीग घालणं हा भराव घालण्याच्याच जातीचा गुन्हा धरला जाऊ शकतो.

आता पाणी

एक कागद घ्या. उदाहरणाला २० म्हशींचा गोठा धरू.

केंद्रीय मंडळाच्या हिशेबानं सुमारे ४०० किलोचं जनावर दिवसाला १५ ते २० किलो शेण आणि १५ ते २० लिटर मूत्र टाकतं. वीस जनावरांचं शेण ३०० ते ४०० किलो झालं, मूत्र तितकेच लिटर. जून ते सप्टेंबरचे १२२ दिवस धरले तर शेण ३७ ते ४९ टन. या चार महिन्यांत ते शेतात घालता येत नाही, कारण भात उभं असतं आणि घातलं तरी पाऊस ते धुऊन नेतो. म्हणजे जवळपास ५० घनमीटरची झाकलेली जागा लागणार. १० मीटर लांब, ४ मीटर रुंद, सव्वा मीटर खोल.

आता छप्पर. गोठ्याचं छप्पर २०० चौरस मीटर आणि पाऊस ३,००० मिलिमीटर धरा. एका मोसमात त्या छपरावरून सहा लाख लिटर पाणी उतरतं. १०० मिलिमीटर पावसाच्या एकाच दिवशी वीस हजार लिटर. हे पाणी पूर्ण स्वच्छ असतं, जोवर ते शेणाला शिवत नाही. पन्हळ नसेल तर तेच पाणी अंगणात पडतं, गायरीत शिरतं, आणि ४० टन शेणाचं सहा लाख लिटर काळं पाणी करून पर्‍याला देतं.

माझ्या विहिरीच्या भानगडीचं मूळ एवढंच होतं. शेण जास्त नव्हतं, पन्हळ नव्हती.

म्हणून क्रम असा ठेवा, आणि पैसे कमी असतील तर याच क्रमानं खर्च करा :

१. गोठ्याच्या वरच्या अंगाला चर खणा, म्हणजे डोंगराचं पाणी गोठ्यात न येता बाजूनं निघून जाईल. हे काम दोन गड्यांचं, दोन दिवसांचं.

२. छपराला पन्हळ लावा आणि तिचं पाणी वेगळ्या वाटेनं सोडा. साठवता आलं तर उत्तम, जनावरं धुवायला तेच वापरता येतं.

३. गायरीवर छप्पर घाला. पत्रा नको असेल तर माडाच्या झावळ्यांची झापं चालतील, पण दर वर्षी बदलावी लागतील, आणि वाऱ्यानं उडाली की जुलैत चढून बांधणारं कोणी मिळत नाही.

४. गायरीचा तळ बांधून घ्या. नुसता जांभ्यात खोदलेला खड्डा म्हणजे थेट विहिरीला जोडलेली नळी. सिमेंटचा गिलावा किंवा निदान जाड प्लॅस्टिकचा कागद हवाच.

५. गोठ्याची जमीन पक्की, नालीकडे दर ४० ते ६० फुटांना एक फूट उतार. त्याहून जास्त उतार दिलात तर गाभण म्हैस घसरेल.

मूत्र आणि धुण्याच्या पाण्यासाठी वेगळी टाकी लागते. आम्ही जनावरामागे ५० लिटर धुण्याचं पाणी धरतो. २० जनावरांचे हजार लिटर, त्यात मूत्र ४०० लिटर, म्हणजे दिवसाला १,४०० लिटर. सलग आठवडाभर झड लागली तर ते पाणी कुठेच फिरवता येत नाही, म्हणून टाकी दहा हजार लिटरची. उघडीप मिळाली की नेपियर गवताला, सुपारीला, माडाच्या आळ्यात द्यायचं. आधी शेण खराट्यानं आणि फावड्यानं ओढून घ्या, मग पाणी मारा. उलट केलंत तर शेण नालीत, नाली टाकीत, आणि टाकी आठवड्याऐवजी तीन दिवसांत भरते.

हे पाणी बाहेर सोडायचं झालंच तर मापं ठरलेली आहेत. नदी-नाल्यात जाणाऱ्या पाण्यात जैविक ऑक्सिजन मागणी, म्हणजे बीओडी (पाण्यातली कुजणारी घाण मोजायचं माप), लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत हवी. जमिनीवर शेतीला द्यायच्या पाण्यासाठी १०० पर्यंत चालते. गोठ्याचं कच्चं धुवण शेकड्यांत, कधी हजारांत असतं. ते शुद्ध करून ३० वर आणणं लहान गोठ्याला परवडत नाही. त्यापेक्षा थेंबही नाल्यात जाणार नाही अशी व्यवस्था करणं स्वस्त पडतं, आणि अर्जातही तेच लिहिता येतं.

गोबरगॅस : चांगला, पण एक गोष्ट विक्रेता सांगत नाही

साधारण २५ किलो ओल्या शेणातून एक घनमीटर गॅस मिळतो. २० म्हशींच्या शेणाचा १२ ते १६ घनमीटर. घरच्या चुली भागून वाडीतल्या दोन-तीन घरांना देता येईल इतका. पण गॅससाठी शेणाइतकंच पाणी मिसळावं लागतं, आणि जेवढं आत जातं जवळजवळ तेवढंच दुसऱ्या तोंडानं बाहेर येतं. ४०० किलो शेणाची ८०० किलो पातळ स्लरी होते. उन्हाळ्यात ती वरदान आहे, पावसाळ्यात मात्र साठवणीचा प्रश्न दुप्पट होतो. चार महिन्यांची ७३ ते ९८ घनमीटर. शेणखड्ड्याच्या मापाचा स्लरीखड्डा केलात तर ऑगस्टच्या मध्यावर तो ओसंडेल.

उपाय दोन. मिसळायला स्वच्छ पाण्याऐवजी धुवणाचं पाणी वापरा, म्हणजे टाकीचा भार हलका होतो. (फिनेल किंवा जंतुनाशक मारलेलं पाणी मात्र नको, गॅस बंद पडतो.) आणि स्लरी छपराखाली पालापाचोळा, तूस, जनावरांनी टाकलेला पेंढा यांच्या थरांवर ओता. थर पाणी पितात आणि दिवाळीपर्यंत खत तयार होतं. राबाला (भाताची रोपं करायच्या जागेला), आंब्याला, काजूला ते खत वाडीतच संपतं. पिशवीत भरून नाव छापून विकायचं मनात असेल तर १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाचे निकष लागू होतात, ते वेगळं प्रकरण.

संमतीपत्र कसं काढायचं

दोन टप्पे आहेत. बांधण्याआधी उभारणीची संमती, आणि जनावरं आणण्याआधी चालवण्याची संमती. अर्ज महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन होतो, पाहणी उप-प्रादेशिक कार्यालयाकडून होते. सातबारा, आठ-अ, जागेचा नकाशा, ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला, जनावरांची संख्या, पाणी कुठून घेणार, शेण-मूत्राचं काय करणार, आणि भांडवली गुंतवणुकीचा सनदी लेखापालाचा दाखला, एवढं हाताशी ठेवा. शुल्क गुंतवणुकीवर ठरतं, म्हणून आकडा फुगवूही नका आणि लपवूही नका. बँकेला एक आणि मंडळाला दुसरा आकडा दिलेला कधीतरी समोरासमोर येतो.

नकाशा हाताने काढलेला चालतो की नाही यावर वाद घालण्यापेक्षा त्यावर तीन गोष्टी ठळक दाखवा : विहिरी, पाण्याची वाट आणि घरांची अंतरं. माझा पहिला अर्ज परत आला तो नेमका यासाठी. मी गोठ्याचा आराखडा दाराखिडक्यांसकट सुंदर काढून दिला होता आणि गायरी दाखवलीच नव्हती.

जल अधिनियमात एक तरतूद बऱ्याच जणांना ठाऊक नसते. पूर्ण अर्ज दिल्यावर चार महिन्यांत मंडळानं निर्णय दिला नाही, तर संमती मिळाली असं कायद्यानं मानलं जातं. पण त्यावर विसंबून चिरे रचू नका. ‘अर्ज पूर्ण होता’ हे तुम्हालाच दाखवावं लागतं, म्हणून पोचपावती आणि प्रत्येक त्रुटीचं उत्तर जपून ठेवा. आदेश मोडल्याचा दंड हलका नाही. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम १९८६ खाली तो आता १० हजारांपासून १५ लाखांपर्यंत जातो.

ग्रामपंचायतीच्या दाखल्याबद्दल एक सल्ला. अर्ज टाकण्याआधी शेजारच्या घरांत स्वतः जा. वरचा चर, पन्हळ, झाकलेली गायरी, सगळं सांगा. ग्रामसभेत पहिल्यांदा ऐकणारा माणूस नाही म्हणतो. ओटीवर चहा घेताना ऐकलेला निदान प्रश्न विचारतो.

कोंबड्यांचं थोडं वेगळं

इथे पाण्याइतकाच वासाचा प्रश्न. शेडच्या जमिनीवर पसरलेली तुसाची गादी कोरडी असेल तर वास फारसा नसतो. ओल २५ टक्क्यांच्या पुढे गेली की अमोनिया सुटतो, आणि आपल्या दमट हवेत ती आपोआप जाते. मूठभर गादी दाबून बघा. गोळा होऊन तसाच राहिला तर ओली आहे, उघडल्यावर सुटला तर ठीक. ओल बहुतेक वेळा छपरातून येत नाही, गळक्या पाण्याच्या भांड्यांतून येते, म्हणून पाण्याच्या नळीचे निप्पलही तपासा. आणि वास मारायला ओल्या गादीवर चुना टाकायची जी पद्धत आहे, ती त्या क्षणी उलटी पडते. चुन्यानं अमोनिया जास्त सुटतो. आधी ओला भाग खरवडून काढा, कोरडं तूस घाला.

माशीचं चक्र उष्ण हवेत सात ते दहा दिवसांत पुरं होतं. गोठ्यातलं, शेडमधलं ओलं शेण-विष्ठा आठवड्यातून दोनदा हललं तर ते तुटतं. फवारणीवर पैसे नंतर.

कंपनीच्या करारावर कोंबड्यांची बॅच घेणाऱ्यांनी एक ओळ नीट वाचावी : मेलेल्या पक्ष्यांची आणि गादीची जबाबदारी कुणाची? शेड तुमचं, तर मंडळाच्या आणि गावाच्या दृष्टीनं उत्तर तुम्हीच द्यायचं असतं.

मूरघास, पेंड, मेलेलं जनावर

मूरघासाच्या, म्हणजे हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या, पिशवीतून गळणारा रस शेणाच्या पाण्यापेक्षाही जहाल असतो, आणि ओला मका भरला की तो जास्त गळतो. पिशव्या विहिरीच्या वर रचू नका, खाली उतार देऊन तो रस टाकीत घ्या. पेंडीचं कोठार उंदरांसाठी बंद हवं. सिंधुदुर्गात लेप्टोनं, म्हणजे उंदरांच्या मुतातून पाण्यात पसरणाऱ्या तापानं, दर पावसाळ्यात काय होतं ते नव्यानं सांगायला नको, गोठ्यात अनवाणी पाण्यात उतरणाऱ्या गड्याला गमबूट द्या.

जनावर मेलं तर ओढ्यात, खाडीत, जंगलात नाही. पशुवैद्यकाला कळवा, मग विहिरी आणि पाण्याच्या वाटेपासून लांब, खोल खड्ड्यात चुना घालून पुरा. खड्डा पावसाआधी खणून ठेवा, जुलैत खणला की दोन फुटांवर पाणी लागतं. कोंबड्या अचानक मरू लागल्या तर पुरण्याचीही घाई नको. आधी पशुसंवर्धन विभागाला फोन. जानेवारी २०२५ मध्ये उरण तालुक्यात चिरनेरला बर्ड फ्लू निघाला होता. अशा वेळी एक किलोमीटरच्या परिसरातले पक्षी नष्ट करतात आणि दहा किलोमीटरवर पाळत ठेवतात. लपवलेला एक दिवस शेजाऱ्याच्या परसावर येतो.

वहीत काय लिहायचं

एक शंभर पानी वही पुरते. जनावरांची संख्या महिन्याला, शेणखत कुणाला किती दिलं, टाकी कधी रिकामी केली, मेलेलं जनावर कुठे पुरलं. आणि विहिरीच्या पाण्याची तपासणी वर्षातून दोनदा, एकदा मेमध्ये, एकदा जुलैच्या मोठ्या पावसानंतर. फक्त मेमधली करून उपयोग नाही, तेव्हा सगळ्यांचंच पाणी चांगलं असतं. तपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत होते. बघायचे आकडे दोन : नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत, आणि ई-कोलाय (विष्ठेतले जंतू) १०० मिलिलिटरमध्ये अजिबात नको. आपल्या विहिरीबरोबर खालच्या अंगाच्या विहिरीचाही नमुना द्या, खर्च आपला. काकीच्या विहिरीचे अहवाल माझ्या वहीत चिकटवलेले असतात, आणि पाहणीला आलेल्या माणसानं पहिल्यांदा तेच पान उघडलं होतं.